नाजुकाचा पान्हा

सारिकाचं ऑपरेशन अजून झालंही नव्हतं आणि तिचे टाके तिसऱ्यांदा उसवले होते.

डॉक्टर मेहजबीन मुजावर यांच्या खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर, तिची जुळी हिंडत होती. तीच उंची, तेच रुंद खांदे, उजवा पाय जरा ओढत चालायची तीच ढब. जुळी ऑपरेशन करून घरी आली, पहिले काही दिवस गपगार पडून राहिली, मग भिंत धरून चालायला लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात तर चांगली तरतरीत दिसू लागली. सारिकाचा नवरा रणजित खुर्चीच्या कडेवर आला होता. "ह्या वेळी जमलं बघ," म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली. तेवढ्यात जुळी पहाटे पलंगावरून उठली, अंगण ओलांडून गोठ्यात गेली, उकिडवी बसली आणि उठताना भरलेली बादली उचलली. तिच्या पोटात, गर्भपिशवी काढून जिथं आतले टाके घातले होते तिथं, एक लाल ठिपका उमटला आणि पसरत गेला.

"गेली," रणजित म्हणाला. गल्लीच्या संघाची पेनल्टी हुकल्यावर तो अगदी असाच बसायचा.

"पुन्हा तुमची म्हैसच," डॉक्टर म्हणाल्या. "सारिकाताई, तुमच्या शरीराची मला काही चिंता नाही. मला चिंता आहे ती नाजुकाची."

या यंत्राला कागदोपत्री 'प्रतिदेह' म्हणत. नर्स आणि पेशंट सगळे मात्र 'जुळी'च म्हणायचे. ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनआधी प्रत्येकाची एक जुळी तयार व्हायची. त्यासाठी रक्ताचे नमुने, पोटाची छायाचित्रं आणि घराचा नकाशा लागायचा. शिवाय कमरेला काही आठवडे एक मऊ पट्टा बांधून फिरावं लागायचं. तो पट्टा पोटातला दाब मोजायचा. माणूस वाकला, खोकला, शिंकला, ओरडला किंवा त्यानं ओझं उचललं, की पोटात दाब वाढतो, आणि ताज्या टाक्यांचा या दाबाएवढा दुसरा वैरी नाही. हे सगळं गोळा झालं की जुळीवर ऑपरेशन करायचं आणि तिचं पुढचं दीड महिन्याचं बरं होणं काही मिनिटांत पडद्यावर बघायचं.

पहिल्या काही वर्षांतल्या जुळ्या अगदी शहाण्यासारख्या बऱ्या व्हायच्या. बायका मात्र टाके उसवून परत यायच्या. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की घरी गेलेली बाई डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे वागत नाही, सवयीप्रमाणे वागते. तेव्हापासून जुळीला सवयीही शिकवल्या जाऊ लागल्या. आणि डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्याचा तर नियमच होता: जुळी बरी झाल्याशिवाय बाईला तारीख नाही.

सारिकाला तारीख हवी होती. तिच्या गर्भपिशवीत गाठी झाल्या होत्या. दोन वर्षं अंगावरून इतकं जायचं की जिना चढताना धाप लागायची आणि ओठ पांढरेफटक पडायचे. औषधं झाली, बिनटाक्याचे उपाय झाले, शेवटी डॉक्टरांनी आणि तिनं मिळून ठरवलं की पिशवी काढायची, अंडाशयं ठेवायची. लेक बंगळुरात नोकरीला लागलेली, सारिकाचं वय पंचेचाळिशीच्या पुढचं. निर्णय झाला तेव्हा तिला सुटल्यासारखंच वाटलं होतं. आता आडवी आली होती ती म्हैस.

नाजुका नावाचीच नाजूक. तलवारीसारखी लांब शिंगं, हत्तीला लाजवेल अशी पाठ. कोल्हापुरातल्या त्यांच्या गवळी गल्लीत बाकी सगळ्या म्हशींची धार आता यंत्रानं निघायची. नाजुकानं दोन यंत्रं लाथेनं मोडली होती. तिला सारिकाचे हात लागायचे. सारिकाचा आवाज ऐकला की तिची कास भरून यायची, दुसरं कुणी बसलं की ती पान्हा चोरून उभी राहायची. आणि दूध तुंबलं की कास सुजणार. संध्याकाळी दूध कट्ट्यावर निरसं फेसाळ दूध प्यायला येणारी मंडळी "नाजुकाचंच द्या" म्हणून खोळंबायची, ती वेगळीच.

"दीड महिना तिला हात लावायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं. "एक लाथ बसली तर काय होईल, ते मी सांगायला नको. घरात दुसरं कोणीतरी तयार करा."

"मी बसतो की," रणजित म्हणाला.

सारिकानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला हसूच फुटलं. वीजमंडळात मीटर तपासणारा हा माणूस म्हशीच्या मागून जाताना अजूनही चपला हातात घ्यायचा.

*

घरी रणजितची आई अंगणात वैरण चाळत बसली होती. तिला सारिका 'आत्ती' म्हणायची. सत्तरीची, काटक, कमरेत वाकलेली बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या टायमाला न्हवती बाई असली जुळीबिळी," ती म्हणाली. "पिशवी काढली आन् पंधरा दिसात गोठ्यात. मी सांगतो तुला, काय होत न्हाई." कोल्हापूरच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, आणि तसंच करून दाखवतात.

"म्हणून तर तुमची कंबर अशी वाकली, आत्ती."

आत्ती रणजितकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्येला शिकवा. पण ती ह्येला बसू दिल तर शपथ."

दुसऱ्या दिवशी रणजितनं शक्कल लढवली. म्हशीला काय, वास आणि रूप कळतं. त्यानं सारिकाचा गाऊन घातला, डोक्याला तिचा स्कार्फ गुंडाळला आणि तिचं खोबरेल तेल हाताला चोपडून तो गोठ्यात शिरला. नाजुकानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खालपासून वरपर्यंत पाहिलं. तो बसला. तिनं शेपटी उचलली आणि त्याच्या स्कार्फवर सगळा हिशेब चुकता केला. अंगणाच्या भिंतीवर कोपर टेकून निम्मी गल्ली उभी होती. संध्याकाळपर्यंत रणजितचा तो गाऊनमधला व्हिडिओ पार गडहिंग्लजच्या पाहुण्यांपर्यंत पोचला.

पण तो नेटाचा माणूस. गाऊन सोडला आणि आपल्याच कपड्यात रोज पहाटे जाऊन बसू लागला. आधी नुसताच बसायचा, मग कासेवर कोमट पाणी शिंपडायचा, मग आचळाला हात लावायचा. नाजुका हळूहळू लाथ मारायची थांबली. कधी कधी तर पायही मागं घेऊन नीट उभी राहायची. आता पान्हा सोडणार, असं वाटायचं, आणि काय व्हायचं कोण जाणे, अचानक कान ताठ करून घराकडं मान वळवायची आणि दूध वर ओढून घ्यायची. रणजित रिकामी बादली घेऊन परत यायचा, मग सारिका जायची.

"जाऊ द्या हो," ती म्हणायची. "तिचा स्वभावच तसा हाय." म्हणताना तिचा चेहरा काही फार दुःखी दिसायचा नाही.

स्वतःची तयारी मात्र ती मन लावून करत होती. शिरेतून लोहाचं औषध चढवून घेतलं आणि पंधरवड्यात ओठांवर रंग आला. पंचगंगेच्या घाटापर्यंत चालून यायचं ठरवलं होतं. आधी वाटेत दोनदा बसायची, मग बसायची गरजच पडेना. श्वासाचं खेळणं मिळालं होतं. नळीनं हवा ओढायची आणि डबीतले तीन रंगीत चेंडू वर उचलून धरायचे. आत्तीला त्याचं इतकं वेड लागलं की सकाळी खेळणं कुणाच्या तोंडात, यावरून सासू-सुनेची जुंपायची. शेवटी दोघींच्या दोन नळ्या आल्या. एका कुशीवर वळून, हाताच्या रेट्यानं कसं उठायचं, खोकला आला तर पोटाशी उशी कशी धरायची, हे फिजिओवाल्या पोरीनं शिकवलं आणि सारिकानं ते गल्लीतल्या बायकांनाही शिकवून टाकलं. ओटीपोटाचे स्नायू आवळायचे व्यायाम तर दुधाच्या रांगेत उभ्या उभ्या चालायचे, आणि कुणाला पत्ताही लागायचा नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं शरीर आपल्या बाजूचं वाटायला लागलं होतं.

आणि तरीही एके दिवशी भाकरी थापता थापता तिनं आत्तीला विचारलंच, "आत्ती, पिशवी काढल्यावर तुम्हाला काय वेगळं वाटलं हो?"

आत्तीचा हात थांबला. "मला न्हाई वाटलं," ती म्हणाली. "मोरणीला वाटलं."

मोरणी ही आत्तीची त्या वेळची म्हैस. आत्तीशिवाय कुणाला जवळ येऊ देत नसे. ऑपरेशन करून पंधरा दिवसांनी आत्ती तिच्याजवळ बसली, तर मोरणीनं हुंगलं, फुस्स केलं आणि बाजूला सरकली. दुसऱ्या दिवशी लाथ मारली. पान्हा सोडलाच नाही. सारिकाच्या सासऱ्यांनी आठवड्याभरात ती म्हैस वडगावच्या बाजारात विकली.

"बाईची पिशवी गेली की वास बदलतो, म्हणाले लोक. मुक्या जनावराला बरोबर कळतं." आत्तीनं भाकरी तव्यावर टाकली. "म्हटलं, खरंच असंल. त्यानंतर मी धारंला बसलोच न्हाई कधी."

सारिकाला पुढची भाकरी थापता येईना. गेले कित्येक दिवस तिच्या मनात जे वळवळत होतं, त्याला आता तोंड मिळालं होतं. आपलीही तीच गत झाली तर? नाजुकानं हुंगलं आणि तोंड फिरवलं तर? लेक लांब गेली, पिशवी जाणार, आणि जिला आपल्या हाकेनं पान्हा फुटतो ती एकटी उरली होती. ती फार घाबरली होती, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

*

चौथ्या वेळी जुळी पुन्हा उसवली. या वेळी तिघंही गेले होते, आत्तीही.

डॉक्टर मुजावर पडद्याकडं बघतच नव्हत्या. त्या पट्ट्याचा आलेख बघत होत्या. "रणजितराव, तुम्ही पहाटे धारेला बसता ती वेळ ॲपवर नोंदवता ना? बरोबर त्यानंतर थोड्या वेळानं, रोज, सारिकाताईंच्या पोटात एकदम दाब वाढतो. ओझं उचलल्यासारखा नाही. खोकल्यासारखाही नाही. लांब, एका दमाचा. म्हणजे हाक मारल्यासारखा."

रणजितनं बायकोकडं मान वळवली.

"नाजुका रोज कान ताठ करून दूध वर ओढती, ते तू येणार म्हणून..." तो म्हणाला.

सारिकाचा चेहरा लालेलाल झाला. चांगलंच रक्त भरलं होतं आता अंगात. "मी आपलं... स्वयंपाकघरातनं..." तिनं पदर तोंडाला लावला. "रोज न्हाई हो. मी म्हणायचो, आज न्हाई हाक मारायची. आणि तुम्ही आत गेला, चरवीचा आवाज आला, की राहवायचंच न्हाई. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात, पण 'ये गं नाजू' निघायचंच तोंडातनं."

"अगं, महिनाभर मी त्या म्हशीखाली बसलोय! शेणानं अंघोळ केली मी!"

"माहिताय मला!" सारिका म्हणाली, आणि तिला एकदम रडू आलं. "ती तुमच्या हाताला लागली, आणि मी परत आल्यावर तिनं मला हुंगून तोंड फिरवलं, तर मी काय करू? आत्तींच्या मोरणीनं फिरवलं की. मग माझं म्हणून काय राहिलं त्या घरात?"

रणजितचा राग कुठल्या कुठं गेला. त्यानं तिचा हात धरला.

डॉक्टरांनी मोरणी कोण ते विचारून घेतलं. आत्तीनं मान खाली घालून सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"आजी, पान्हा कुठं असतो, सांगा."

"कासंत. आन् कुठं?"

"दूध कासेत असतं. पान्हा डोक्यात असतो. म्हैस ओळखीचा आवाज ऐकते, ओळखीचा हात लागतो, तेव्हा तिच्या मेंदूतून एक रस रक्तात उतरतो. तो कासेपर्यंत गेला की दूध सुटतं. बाईला बाळाचं रडणं ऐकून पान्हा फुटतो, तो याच रसानं. आणि म्हैस भ्याली की दुसरा रस सुटतो आणि पहिल्याचा रस्ता अडवतो. याचा गर्भपिशवीशी काही संबंध नाही, ना म्हशीच्या, ना तुमच्या. तो रस पिशवीत तयारच होत नाही." त्या थांबल्या. "तुम्ही पंधराव्या दिवशी बसला होतात. दुखत होतं?"

"जीव जात हुता."

"लाथेची भीती?"

"वाटंना का? हात कापत हुतं नुसतं."

"आणि अंगाला दवाखान्याच्या औषधाचा वास. मोरणीनं पिशवी नाही ओळखली, आजी. तुमची भीती ओळखली. आणखी महिन्याभरानं, बऱ्या होऊन गेला असतात, तर तिनं तुम्हाला घेतलं असतं."

आत्तीनं पदरानं चष्मा पुसला आणि सुनेला म्हणाली, "उद्यापास्नं तू तोंड बंद ठेव. ह्येला धार काढू दे."

*

पण नुसतं तोंड बंद ठेवून भागलं नाही. नाजुकाला कुणाचा तरी आवाज हवाच होता. सारिकानं रणजितला आपली हाक शिकवून बघितली. त्याच्या घशातून ती रिक्षाच्या भोंग्यासारखी निघायची.

"माझी हाक राहू दे," सारिका शेवटी म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य निघायला किती दिवस लागले होते. "तुम्ही तुमचं काहीतरी बोला तिच्याशी. जे मनापासनं बोलता येतंय, ते."

रणजित मनापासून एकाच गोष्टीबद्दल बोलू शकत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे सारिका स्वयंपाकघरात दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी राहिली, तर गोठ्यातून हळू आवाजात ऐकू आलं, "...मग काय झालं, नाजू, त्यानं डावीकडनं बॉल घेतला, दोघांना चकवलं, समोर मोकळा गोल, आणि बेण्यानं मारला कुठं, तर गॅलरीत. आता तूच सांग..."

कोल्हापूरच्या म्हशीला फुटबॉल कळू नये हे कसं शक्य आहे? तिसऱ्या दिवशी उपांत्य सामन्याचं वर्णन निम्म्यावर आलं असताना बादलीच्या तळाला पहिली धार वाजली. सुरुवातीला टणटण, मग दूध साठत गेलं तसा आवाज जाड होत गेला. स्वयंपाकघरात सारिकाच्या काळजाला एकदा टोचलं. आणि लगेच इतकं हलकं वाटलं की ती तिथंच फरशीवर बसली आणि आत्तीला हाक मारून म्हणाली, "ऐकताय का? निघतंय बघा दूध!"

पाचव्या वेळी जुळी दुसऱ्या आठवड्यातल्या त्या पहाटेला जागी झाली, पलंगावर बसली आणि पुन्हा आडवी होऊन झोपी गेली. पडद्याच्या शेवटाला ती अंगणात उन्हात उभी होती, कुठंही लाल ठिपका नव्हता. डॉक्टर मुजावरांनी टाळ्या वाजवल्या. तारीख मिळाली, गणपती झाल्यावरची. दिवाळी पाडव्यापर्यंत सारिका हिंडती-फिरती होणार होती.

"पण पाडव्याच्या मिरवणुकीत मोटरसायकल चालवायची नाही," डॉक्टरांनी दम दिला. "म्हशीच्या पुढं तर नाहीच."

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आत्तीनं पाट मांडला. सासरे गेल्यापासून तिनं कुणाची ओटी भरली नव्हती. विधवा बाईनं ओटी भरू नये म्हणणारे अजून होते. सारिका काही बोलायच्या आत ती म्हणाली, "जो म्हणंल त्येला माझ्याकडं पाठीव." तिनं सुनेच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. मग तिच्या ओटीपोटावर आपला सुरकुतलेला तळवा ठेवला.

"हिनं मला नात दिली," ती म्हणाली. "काम चोख केलं. आता दमली बिचारी. जा म्हणावं सुखानं." आणि जरा थांबून, "माझीला असं कुणी म्हटलंच न्हवतं. परस्पर गेली ती."

सारिकानं तो हात तसाच पोटावर धरून ठेवला. दोघी रडल्या, आणि मग आत्तीनं खेळण्याची नळी तोंडात घालून तीनही चेंडू एका दमात वर नेऊन दाखवले, तेव्हा दोघी हसल्या.

*

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. चार बारीक छिद्रं आणि आतले टाके. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं ते नाजुकाबद्दल. "तिनं तुझी चौकशी केलेली न्हाई," रणजित म्हणाला, आणि तिनं त्याला उशी फेकून मारायचा प्रयत्न केला, पण ती उशी पोटाशी धरायची होती.

घरी आल्यावर ती कुशीवर वळून उठायची, घरातल्या घरात फेऱ्या मारायची, आत्तीच्या हातची पातळ पेज खायची. दुसऱ्या आठवड्यातली ती पहाटही आली. गोठ्यातून नाजुका हंबरली. सारिका जागी झाली. पाय आपोआप पलंगाखाली गेले, चपला शोधू लागले, आणि तिला पडद्यावरची जुळी आठवली. गोठ्यातून रणजितचा आवाज येत होता: "...रेफरीच फितूर, नाजू, दुसरं काय?" तिला हसू आवरेना. पोटाशी उशी घट्ट दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत ती परत आडवी झाली.

तरी गोठ्याकडं मात्र ती गेली नाही. डॉक्टरांनी मनाई केली होती, हे खरं. पण लांबून बघायला मनाई नव्हती, आणि तेही तिनं टाळलं. डॉक्टरांचं बोलणं पटलं होतं, तरी मोरणी मनातून जात नव्हती.

पाडवा उजाडला. या दिवशी कोल्हापुरात म्हशी मिरवतात. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं आणि गोंडे, पाठीवरचे केस भादरून काढलेली नक्षी, गळ्यात घुंगरं. मालक मोटरसायकलवर पुढं पळतो आणि म्हैस त्याच्या मागं चौखूर धावते. गाड्या विजेच्या झाल्यापासून पंचाईत झाली होती, कारण त्यांना आवाज नाही आणि बिनआवाजाच्या गाडीमागं म्हशी धावत नाहीत. म्हणून गल्लीनं खास परवाना काढून सासऱ्यांची जुनी पेट्रोलची मोटरसायकल या एका दिवसापुरती जिवंत ठेवली होती. दरवर्षी ती सारिका चालवायची. यंदा ती नव्या साडीत, रस्त्याकडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. शेजारच्या खुर्चीवर आत्ती.

"हाक मारू नगंस," आत्ती म्हणाली. "अंगावर येईल धावत."

"न्हाई मारत."

कोपऱ्यावरून फटफट ऐकू आली. रणजित, डोक्याला भगवा फेटा, मान मागं वळवून ओरडत होता, "चल नाजू! मोकळा गोल हाय, चल!" आणि त्याच्या मागं, निळी शिंगं उंच धरून, पाठीवर भादरलेला मोर घेऊन, नाजुका धावत होती. गल्लीनं शिट्ट्या घातल्या. सारिकाच्या घशात हाक आली. तिनं ओठ घट्ट मिटले. किती सुंदर धावतीये, एवढंच तिच्या मनात होतं. दुसऱ्याच्या मागं धावत होती, तरी सुंदरच धावत होती.

खुर्च्यांपाशी आली आणि नाजुका थांबली.

मोटरसायकल पुढं गेली. शिट्ट्या थांबल्या. नाजुका वळली, आणि एवढं मोठं जनावर पाऊल मोजत खुर्चीसमोर येऊन उभं राहिलं. दोघा-चौघांनी दावं धरायला हात पुढं केले. सारिकानं मानेनंच नको म्हटलं आणि तळहात पुढं केला. हात कापत नव्हता. नाजुकानं तळहात हुंगला. मग मनगट, मग खांदा. मग मान खाली घालून तिच्या पोटाशी नाक नेलं आणि बराच वेळ हुंगत राहिली. सारिकानं श्वास धरून ठेवला. नाजुकानं एक लांब, गरम सुस्कारा टाकला आणि ओलं नाक तिच्या नव्या साडीवर टेकवलं, शिंगाच्या निळ्या रंगासकट.

"सारिके," आत्ती हळूच म्हणाली, "खाली बघ."

नाजुकाच्या चारही आचळांतून दूध ठिबकत होतं. कुणी हात लावला नव्हता. कुणी हाक मारली नव्हती. काळ्या डांबरावर पांढरे थेंब पडत होते, आणि मग थेंबांची धार झाली.

आत्ती खुर्चीतून उठली. वाकलेल्या कमरेनं आणखी वाकली, ते दूध दोन बोटांवर घेतलं आणि कपाळाला लावलं. "माझी मोरणीबी आली असती की गं," ती म्हणाली. "मलाच कुणी परत जाऊ दिलं न्हाई." आणि तिनं नाजुकाच्या मानेवर हात ठेवला, चाळीस वर्षांनी म्हशीच्या मानेवर हात ठेवला, आणि तिथंच गळ्यात पडली. नाजुका हलली नाही.

रणजित मोटरसायकल वळवून परत आला. त्यानं बायकोकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग रस्त्याकडं. "अगं ये नाजू! कट्ट्यावर लोकं वाट बघाल्यात, आणि तू संध्याकाळचं समदं दूध रस्त्यावर सांडालीस होय!"

सारी गल्ली हसली. सारिकाही हसली, मोठ्यानं, मान मागं टाकून, खुर्ची हलेपर्यंत. पोटाशी उशी धरायची राहूनच गेली, हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.